साडेसहा वाजता काय वाचायचं

दवाखान्यातून सुटी होऊन घरी आलो, त्या संध्याकाळी मी पहिलं काय वाचलं असेल तर युरियाची गोणी. ओसरीत भिंतीला टेकून उभी होती. नीम कोटेड, नत्र ४६ टक्के, वजन ४५ किलो, हूक लावू नये. हे मी अकरा वेळा वाचलं. समोरच्या रस्त्यानं लोक फाट्याकडे चालले होते. फाट्यावर देशीचं दुकान, आणि घड्याळात साडेसहा. बावीस वर्षं या वेळेला माझे पाय मला न विचारता तिकडे निघायचे. त्या दिवशी पाय दाबून बसलो आणि 'हूक लावू नये' वाचत राहिलो. सव्वासातला बायकोनं भाकर नि वांग्याची भाजी वाढली. तो दिवस गेला.

ही २०१९ ची गोष्ट, पोळ्यानंतरची. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मोटरी भरतो, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटरची जुनी तार काढून नवी भरून देतो. आता आसपासच्या गावांतून नुकतीच दारू सोडलेले लोक दुकानावर येऊन बसतात. त्यातले काही विचारतात, "भाऊ, टाइम जात नाही, काही वाचू काय?" त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही, मास्तर नाही, दहावीला दोनदा बसलो. पण साडेसहा ते साडेआठ या दोन तासांचा मला बऱ्यापैकी अभ्यास आहे.

पुस्तकानं दारू सुटते असं मी कोणालाच सांगत नाही. पुस्तकानं साडेसहाचे साडेआठ होतात. नवीन माणसाला तेवढंच लागते.

आधी दवाखान्याचे कागद

तुम्ही अजून सोडली नसेल, रोज पीत असाल आणि हे वाचून उद्यापासून एकदम बंद करायची ठरवत असाल, तर थांबा. आधी डॉक्टरकडे जा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली की शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भलतंच दिसायला, ऐकू यायला लागते. त्याला डॉक्टर डीटी म्हणतात आणि त्यात माणूस जाऊ शकतो. माझ्या नात्यातल्या एकानं देवापुढे नारळ फोडून सोडली आणि तिसऱ्या दिवशी वावरात झटका येऊन पडला. वाचला, पण दात तुटले. त्याचं मन पक्कंच होतं. शरीराला दारूची इतकी सवय झाली होती की अचानक बंद झाल्यावर ते बिथरलं.

म्हणून तुमच्या वाचनातला पहिला कागद म्हणजे सुटीचं कार्ड. ते घडी करून खिशात ठेवू नका, भिंतीला लावा. गोळी कोणती, किती वाजता, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, हे मोठ्यानं वाचा आणि घरच्यालाही वाचायला लावा. त्यात बहुधा थायमिन असते, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या अंगात ते कमी पडलेलं असते आणि फार कमी पडलं तर मेंदूला इजा होते. "ताकदीची गोळी आहे, नाही घेतली तरी चालते" असं कोणी म्हणेल. ऐकू नका.

दुसरं, डायसल्फिरमची गोळी. ही चालू असताना दारू प्याली तर तोंड लालबुंद होते, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टरनं तुम्हाला समजावून, तुमच्या होकारानं दिली तर ती कामाची आहे. पण आमच्याकडे ती भाजीत कालवून चोरून देण्याची पद्धत आहे. घरच्या बायाबापड्यांनो, हे वाचत असाल तर हात जोडून सांगतो, असं करू नका. त्याला माहीत नाही, तो फाट्यावर जाऊन पव्वा मारतो, आणि मग गाडी करून तालुक्याला पळवायची पाळी येते.

तिसरं वाचन म्हणजे बाटल्यांवरची चिठ्ठी. माझा साळा मला भेटायला आला तेव्हा अशक्तपणावर म्हणून द्राक्षासव घेऊन आला. मनानं चांगला माणूस. मी सवयीनं लेबल वाचायला लागलो, कारण तेव्हा मी घरात जे दिसेल ते वाचत होतो, निरम्याच्या पुडीपासून. त्यावर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलेलं. आसव आणि अरिष्ट या प्रकारच्या औषधांत आंबवण्यामुळे आपोआप अल्कोहोल तयार होते, साधारण ५ ते १० टक्के. बियरइतकं, कधी जास्तच. काही खोकल्याच्या औषधांतही असते. बाटली मी बायकोच्या हातात दिली, तिनं ती उकिरड्यावर ओतली. साळ्याला आठवडाभर राग होता.

पहिले पंधरा दिवस: पाच ओळींच्या वर जायचं नाही

या दिवसांत पुस्तक हातात घेतलं की रडायला येते. ओळ वाचली की मागची विसरते. अक्षरं हलतात, म्हणजे खरं तर हात हलतो. रात्री झोप नाही, दिवसा डुलक्या. मला वाटलं दारूनं डोस्कं कायमचं गेलं. तसं नसते. मेंदू हळूहळू ठिकाणावर येतो, त्याला काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. तोपर्यंत लांब वाचायचा हट्ट धरायचा नाही.

मी कॅलेंडरपासून सुरुवात केली. त्या दिवसाची तिथी वाचायची, सण असेल तर सण, दुधाचा हिशेब, आणि तारखेवर काट मारायची. कॅलेंडरच्या मागच्या पानावरचे लेख छोटे असतात. मुगाच्या लाडवाची कृतीही वाचली मी, काय बिघडते!

मग पोरीचं चौथीचं पुस्तक. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शाळा झाली म्हणून जरा सविस्तर सांगतो. ती दिव्याखाली अभ्यासाला बसायची. मी म्हटलं, आज मी वाचतो, तू ऐक. तिनं पाह्यलं माझ्याकडं. तिला मी संध्याकाळी घरात दिसायची सवय नव्हती. मी धडा वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीत तिनं थांबवलं.

"बाबा, तुमी ओळ गाळली."

"नाही गाळली."

"गाळली. बोट ठेवा ना बोट, बाई सांगते तसं."

मी बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, ते तिला दिसलं, तिनं आपलं बोट माझ्या बोटावर ठेवलं आणि आम्ही दोघांनी मिळून तो धडा संपवला. मोटर भरताना तारेचे आटे मोजावे लागतात, एक आटा चुकला की मोटर तापते. पीत होतो तेव्हा मी आटे चुकायचो आणि गिऱ्हाइकाशी भांडायचो. ओळीखाली बोट ठेवून वाचायची सवय लागल्यावर दीड महिन्यात माझे आटे पुन्हा बरोबर यायला लागले. हे वाचनामुळे झालं की दारू नसल्यामुळे, मला सांगता येत नाही. पण बोट ठेवून, मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना मन फाट्यावर जाऊन येते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तोंड चालू असलं की ते बांधलेलं राहते.

शाळेचं पोर घरात नसेल तर पेपरातले बाजारभाव वाचा मोठ्यानं. कापूस, तूर, सोयाबीन. घरात कोणीतरी ऐकतेच.

मोबाइल वाचन म्हणून धरू नका. एक चांगला लेख उघडावा तर खाली गटारीचे जोक, शनिवारचे जोक, ग्लास आपटणारे इमोजी. पहिले तीन महिने मी गावच्या ग्रुपमधून बाहेर पडलो होतो. लोकांना वाटलं निवडणुकीचा राग आहे.

जाड पुस्तक कुठून उघडायचं

पंधरा दिवस, महिना झाला की एए च्या मीटिंगला जाणाऱ्याच्या हातात जाड पुस्तक पडते. ज्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात शेअर बाजारातला बिल विल्सन आणि सर्जन असलेला डॉ. बॉब स्मिथ, दोघंही पक्के दारुडे, भेटले आणि एकमेकांशी बोलत राहिल्यानं न पिता राहता येते असं त्यांच्या ध्यानात आलं. चार वर्षांनी, १९३९ मध्ये, त्यांनी ते पुस्तक काढलं. बारा पायऱ्या त्यातल्याच. भारतात हे १९५७ पासून आहे आणि पुस्तक मराठीतही मिळते. मीटिंगला फी नाही, तुम्ही गावचे कोण, जातीचे कोण, कोणी विचारत नाही.

नवीन माणूस हे पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतो आणि डॉक्टरांच्या मनोगतातच अडकतो. मी सांगतो, ते सोडा. पहिलं प्रकरण, बिलची स्वतःची गोष्ट, ती वाचा. मग उडी मारून तिसऱ्या प्रकरणावर या. तिथं जिम नावाचा मोटारी विकणारा माणूस आहे. सोडलेली, सगळं ठीक चाललेलं. एक दिवस रस्त्यावरच्या हॉटेलात जेवतो आणि त्याच्या मनात येते की पोट भरलेलं आहे, दुधात थोडी व्हिस्की टाकली तर काय होणार. टाकतो. मग दुसरा ग्लास. मग पुन्हा दवाखाना. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो, इतका हसलो की समोरचा पानवाला बघायला आला. कारण माझं दूध म्हणजे बियर. "बियर म्हणजे काही दारू नव्हे, जवाचं पाणी आहे" हे वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलं! अमेरिकेतला मोटारी विकणारा आणि यवतमाळचा मोटरी भरणारा, दोघांचं डोस्कं सारखंच चालते, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

त्याच प्रकरणात आणखी एक आहे. तिसाव्या वर्षी सोडली, पंचवीस वर्षं थेंब नाही, धंदा मोठा केला. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा वाटलं, आता आपल्याला जमते. घरातल्या सपाता पायात घातल्या आणि बाटली काढली. चार वर्षांत मेला. "थोडे दिवस बंद ठेवून पुन्हा कंट्रोलमध्ये घेईन" म्हणणाऱ्याला मी हे पान काढून देतो आणि चहा सांगतो.

आठवं प्रकरण बायकांसाठी आहे. माझ्या बायकोनं ते वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हे बाईनं नाही लिवलं." खरंच नाही. बायकोच्या तोंडून बोलतो असं दाखवून ते बिलनंच लिहिलं. त्याची बायको लोईस, तिला ते आवडलं नव्हतं. पुढे १९५१ मध्ये तिनं घरच्यांसाठी अल्-अनॉन सुरू केलं. बायकोला वाचायला द्यायचं असेल तर त्यांचं साहित्य द्या. आणि द्या म्हणजे हातात द्या, तिच्या उशीखाली ठेवू नका. दारूचे पैसे उशीखालून घेतलेले ती विसरलेली नसते.

पुस्तकात देव पुष्कळ येतो. ज्याला जमते त्यानं घ्यावा. आमच्या मीटिंगमधले एक निवृत्त गुरुजी पक्के नास्तिक, ते त्या जागी 'मीटिंग' असा शब्द वाचायचे. सोळा वर्षं झाली त्यांना न पिता. हेच गुरुजी १९७५ चं 'लिव्हिंग सोबर' नावाचं पातळ इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगायचे. त्यातलं एक मी अजून पाळतो. प्यावंसं वाटलं की काहीतरी खा, गोड असेल तर उत्तम. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपैकी कोण दारात उभा आहे ते आधी पाहा. माझ्या बाबतीत निम्म्या वेळेला भूकच असते. दुकानात गुळाचा खडा आणि फुटाण्यांचा डबा ठेवलेला आहे, पुस्तकाच्या शेजारी. ओढ बहुधा पंधरा-वीस मिनिटं चढते, अर्धा तास धरा, मग उतरते. फुटाणे चावत चार पानं वाचून होतात तेवढ्यात.

आता माझी चूक सांगतो. बारा पायऱ्या आहेत त्या क्रमानं आहेत, हे मी वाचलं पण डोक्यात घेतलं नाही. नववी पायरी भरपाईची: ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन नीट करायचं, मात्र त्यानं त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार नसेल तरच. मला ती फार आवडली. अडतिसाव्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून मी साळ्याकडे गेलो. त्याचे बारा हजार होते माझ्याकडे. पैसे नव्हतेच, फक्त माफी घेऊन गेलो. तो म्हणाला, "जावईबापू, माफीनं माह्या पोरीची फी भरल्या जाते काय?" बरोबरच बोलला. पण मला मान खाली घालून ऐकायची सवय नव्हती. येताना भट्टीवरून आलो.

त्याचा दोष मी कधी त्याला दिला नाही. आधीच्या आठ पायऱ्या मी उडी मारून गेलो होतो. म्हणून वाचताना पायऱ्यांची पानं सगळी वाचा, पण करायला पहिलीच घ्या, आणि पुढची स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या आपल्याला वाट दाखवणाऱ्या जुन्या साथीला, विचारून. चौथी पायरी, स्वतःच्या दोषांची झडती लिहून काढायची, ती पहिल्या महिन्यात रात्री एकट्यानं लिहायला घेऊ नका. ते लिहिता लिहिता बाटलीकडे गेलेले लोक मला माहीत आहेत.

आपल्याकडचं

अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' मिळालं तर आणा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता म्हणजे सुनंदा यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची त्याला मोठी मदत होती. अवचट समोर बसून बोलल्यासारखं लिहितात, शब्द अडत नाही. माझ्यासारख्या दहावीवाल्याचं चार संध्याकाळींत झालं. बायकोनं माझ्याआधी संपवलं. तिला त्यात पेशंटपेक्षा सुनंदाबाई जास्त भेटल्या.

गाडगेबाबांचं चरित्र सगळ्यांच्या घरात असते, पण त्याचं सुरुवातीचं पान कोणी लक्ष देऊन वाचत नाही. झाडू आणि गाडगं सगळ्यांना माहीत. पण बाबांचा बाप, झिंगराजी, दारूनं गेला. तेव्हा डेबूजी लहानगं पोर. आई त्याला घेऊन माहेरी आली आणि मामाच्या घरी तो गुरं राखत वाढला. मोठा झाल्यावर मुलीच्या बारशाला त्यानं दारू-मटणाची रीत मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. मी आजवर दारूची गोष्ट नेहमी पिणाऱ्याच्या बाजूनं ऐकली होती. मला काय वाटलं, मी कसा अडकलो, मला कोणी समजून घेतलं नाही. हे पान पोराच्या बाजूचं आहे. त्यावर माझी चौथीतली पोरगी बसलेली दिसते. म्हणूनच हे पहिल्या महिन्यात वाचू नका. तेव्हा अपराधी वाटून वाटून माणूस पुन्हा प्यायलाच जातो. तीन महिने झाले, पाय टेकले, की वाचा.

संध्याकाळच्या वेळेला आमच्याकडे आयतं साधन आहे ते ग्रामगीता. तुकडोजी महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, मोझरीचे. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. रोज दहा धरल्या तर चारशे अडुसष्ट दिवस पुरते, म्हणजे पहिलं वर्ष निघून वर शंभर दिवस. भाषा गावची आहे, विषय गावाचे: नाली, शाळा, भांडणं, सण. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्या गावात होते तिथं जाऊन बसलात तर आणखी बरं, कारण तिची वेळ आणि आपली वेळ एकच आहे. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्या दिवशी मला पाहून भुवया उडवल्या. दुसऱ्या आठवड्यात खंजिरी हातात दिली.

मीटिंगमधला माझा एक जवळचा साथी विहारात जातो. तो म्हणतो, "माह्याजवळ तर पहिलेपासूनच पाचवं शील होतं, मी रोज म्हणत होतो आणि रोज मोडत होतो." १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातही दारू पिणार नाही ही आहे. त्यानं ती एकच प्रतिज्ञा वहीत रोज एकदा लिहायला सुरुवात केली. म्हणताना जीभ सवयीनं पळते, लिहिताना हात थांबतो, असं त्याचं म्हणणं. मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज दोन पानं.

आणि एक पुस्तक वाचू नका. 'एकच प्याला'. दारूवरचं मराठीतलं सगळ्यात मोठं नाटक, आणि गडकरी गेले ते आपल्या सावनेरला, जानेवारी १९१९ मध्ये. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर महिन्याभरात. नवीन माणसाला लोक हटकून हेच देतात. मलाही दिलं. अडचण अशी की तळीराम फार मजेदार आहे. त्याचं ते आर्य मदिरा मंडळ, त्याचे ते युक्तिवाद! वाचताना तोंडाला पाणी सुटते, खोटं कशाला बोलू. आणि शेवट एवढा काळा, की पोर गेलं, सिंधू गेली, सुधाकर विष घेतो, तो वाचल्यावर वाटते आता सोडून तरी काय उपयोग. आधी तहान आणि मग निराशा, नवीन माणसाला हे दोन्ही चालत नाही. माझी सासुरवाडी वडसा देसाईगंजकडची. तिथल्या झाडीपट्टीच्या नाटकांत दारुड्या आला की टाळ्या पडतात. पहिल्या हिवाळ्यात मी तिकडे नाटकाला गेलो नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गेलो, थर्मासमध्ये चहा घेऊन. वर्षभरानं 'एकच प्याला'ही वाचलं. आता कळते की ते किती खरं आहे.

पुस्तक मिळवायचं कसं, नि लपवायचं कसं

बऱ्याच गावांत ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान का होईना, सार्वजनिक वाचनालय असते. बहुधा ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत, संध्याकाळी उघडते, म्हणजे पुन्हा आपल्याच वेळेला. अनामत थोडी असते. नाव नोंदवा आणि तिथंच बसा. गावात लाज वाटते हे मला कळते. मी जाड पुस्तकाला बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं कव्हर घातलं होतं, वर कपाशीचं बोंड. दुकानात उघडून बसलो की लोकांना वाटायचं नवीन वाणाची माहिती वाचतो आहे. एकानं तर विचारलं, गुलाबी बोंडअळीवर काय लिहिलं आहे.

वाचता येत नसेल त्यानं मागं राहायचं कारण नाही. मीटिंगमध्ये सगळं मोठ्यानं वाचतात, एकेक परिच्छेद. घरी सून वाचेल, नातू वाचेल.

आणि रात्री अकराला पुस्तकानं भागत नसेल, डोक्यात जिवाचं बरंवाईट यायला लागलं असेल, तर पुस्तक ठेवा आणि १४४१६ लावा, टेलि-मानस. व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही सरकारी, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. हे नंबर मी पुस्तकाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहिले आहेत.

शंभर पानांची वही

सगळ्यात जास्त वेळा मी वाचलेलं पुस्तक दुकानातच आहे. शंभर पानी वही, तेलाचे डाग पडलेली. रोज तीन ओळी. तारीख. कोणती वेळ जड गेली. तेव्हा मी काय केलं. बास. सुंदर लिहायचं नाही, शपथा लिहायच्या नाहीत. समासात दीडशे रुपये, जे त्या दिवशी गेले नाहीत. वर्षाला ते ५४,७५० होतात. साळ्याचे बारा हजार त्यातूनच फिटले, अकराव्या महिन्यात. तेव्हा मी पुन्हा गेलो, या वेळी पैसे घेऊन आणि तोंड बंद ठेवून.

भट्टीवरून आलो त्या रात्रीचं पानही वहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं. अक्षर बघवत नाही. "भूक नव्हती. राग होता. साळा बरोबर बोलला. दोन पव्वे. उलटी. पोरगी झोपली नव्हती." हे पान फाडायची फार इच्छा झाली होती. फाडू नका. त्या वेळी मी सकाळीच दवाखान्यात जाऊन दाखवलं, कारण सोडण्याचा त्रास दरवेळी मागच्यापेक्षा वाढू शकतो, हे मला नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. मग त्याच पानाखाली पुन्हा 'दिवस १' लिहिलं. आता ओढ आली की मी गीता नाही, गाथा नाही, हे पान काढतो. त्यातले शेवटचे तीन शब्द पुरतात.

पोळा जवळ आला आहे. पोळ्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची कर वाईट. सकाळपासून गावात बोलावणी. तुमची पहिलीच कर असेल तर आदल्या दिवशीच ठरवून ठेवा: सकाळी कुठं बसायचं, हातात काय असेल, कोणाला फोन. मी दुकान उघडं ठेवतो त्या दिवशी. मोटर कोणी आणत नाही. फुटाणे असतात, तीन-चार जण येतात, ज्याला जमेल तो वाचतो आणि बाकीचे ऐकतात. कपाशीच्या बोंडाचं कव्हर असलेलं पुस्तक सध्या माझ्याकडे नाही. शेजारच्या गावातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, एकवीस दिवसांचा, घेऊन गेला आहे. करीच्या दिवशी तोच आणेल म्हणाला, दुधात व्हिस्की टाकली तिथंपर्यंत आला आहे.